कामगार आणि भरपाई : लेखांक सातवा – पैसा कोणाच्या हाती?

गेल्या आठवड्यात भरपाईची रक्कम कशी काढतात ते आपण पाहिले. कामगार तीस वर्षांचा आणि हिशेबात धरायचे वेतन महिना १५,००० रुपये असेल, तर त्याच्या मृत्यूबद्दल १५,५९,८५० रुपये निघतात. तोच परांचीवरून पडला, मेंदूला मार बसला आणि कामाला कायमचा मुकला, तर १८,७१,८२० रुपये. दुसरी रक्कम मोठी आहे आणि तिची अडचणही. ज्याच्या नावाने ती मिळायची, त्याला आपण कशावर सही करतो आहोत हेच उमगत नाही.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचे कलम ८ (हीच चौकट पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली) अशा वेळी एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच भरायला लावते. मालकाने ती परस्पर घरच्यांच्या हातात ठेवली, तर भरपाई दिली असे धरलेच जात नाही. मृत्यूच्या प्रकरणात तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल तेवढी चालते. काहींना हा सरकारी खाक्या वाटतो. पण अपघातानंतरचे दिवस कसे असतात? दवाखान्याचे बिल थकलेले असते आणि मुकादम दोन लाखांचा चेक व 'आता काही तक्रार नाही' असा कागद घेऊन दारात उभा राहतो. त्या कागदाचे बळ या कलमाने काढून घेतले आहे. पुढे आयुक्त ती रक्कम गुंतवू शकतात, त्या माणसाच्या हितासाठी खर्चायला देऊ शकतात; मुलांची आबाळ होत असेल किंवा परिस्थिती बदलली, तर आधीचा आदेश फिरवूही शकतात. माझ्या मते कलमाचे मर्म इथे आहे. पालक कोण, यापेक्षा त्याने हिशेब कोणाला द्यायचा, हे कायद्याला महत्त्वाचे वाटले. (त्याच दमात कायद्याने धडधाकट स्त्रीलाही असमर्थांच्या पंक्तीत बसवले, त्याचे मात्र समर्थन करता येत नाही.)

बायकोच त्याचे सगळे करते, मग पैसा तिच्याकडेच का नको? प्रश्न रास्त आहे, पण मुद्दा तिच्यावरच्या अविश्वासाचा नाही. अज्ञान मुलाच्या सातबाऱ्यावर अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचे नाव असते, तरी हिंदू कुटुंबात १९५६ च्या कायद्याप्रमाणे त्याची जमीन विकायला तिला न्यायालयाची परवानगी लागते. त्यात कोणी तिचा अपमान मानत नाही. रोकड तर जमिनीपेक्षा लवकर संपते आणि तिला उसनवार मागणारे नातेवाईकही जास्त असतात.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. आयुक्तांनी पैसा मुदत ठेवीत कोंडून टाकला आणि इकडे फिजिओथेरपी पैशांअभावी थांबली, तर ते संरक्षण कसले? मोटार अपघातांच्या प्रकरणांत हेच घडले. सुसम्मा थॉमस निकालात सर्वोच्च न्यायालयाने अज्ञान आणि निरक्षर दावेदारांसाठी दीर्घ मुदतीच्या ठेवींचा मार्ग सांगितला. न्यायाधिकरणांनी तो सरसकट लावला. अखेर २०१२ मध्ये ए. व्ही. पद्मा प्रकरणात त्याच न्यायालयाला सांगावे लागले, की माणूस पाहून, त्याची गरज पाहून आदेश करा. म्हणून आयुक्तांकडच्या अर्जातच खर्चाचा आराखडा द्यावा: औषधोपचार, मुलांची फी, घरभाडे यांसाठी दरमहा किती व्याज कोणाच्या खात्यात जावे, मोठ्या खर्चाला मुद्दल कसे मिळावे, हिशेब कधी दाखल व्हावा.

हा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. २०१७ च्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता आहे. कोमातल्या माणसाच्या मालमत्तेसाठी तर कुटुंबांना अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय गाठावे लागते. भरपाईच्या रकमेसाठी तरी ती पायपीट नको. आयुक्तांचे अधिकार तेवढ्याला पुरतात. कामगाराच्या जुन्या बचत खात्याला आणि भविष्य निर्वाह निधीला मात्र ते लागू पडत नाहीत.