सेवा बाहेरची, उत्तरदायित्व बँकेचे

मोठ्या बँकेची संगणकप्रणाली आता एकसंध नसते. शिल्लक दाखविणे, रक्कम पाठविणे, ग्राहकाची ओळख पटविणे अशा स्वतंत्र सेवा एकमेकींवर विसंबून चालतात. कोणत्या सेवेला कोण उत्तरदायी आणि ती सज्ज असल्याचा निर्वाळा कोणी द्यायचा, हे आराखड्यातच ठरावे लागते. ब्रिटनच्या टीएसबी बँकेला याची किंमत मोजावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये ती नव्या प्रणालीवर गेली. माहिती सुखरूप पोहोचली. सेवा मात्र कोलमडल्या. लाखो ग्राहकांना खातीच उघडता येईनात. पुरवठादाराच्या तयारीची पुरेशी खातरजमा झाली नव्हती, तोही समूहातीलच! डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. २०२३ मध्ये तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही ८१,६२० पौंडांचा दंड झाला, तो व्यक्तिशः.