त्रिशतक ठोकूनही जागा का जाते?

भारतीय क्रिकेट संघ जाहीर झाला की ‘याला का घेतलं, त्याला का काढलं’ ही चर्चा घरोघरी रंगते. त्यातले चार समज तपासून पाहू.

गैरसमज : संघ कर्णधारच निवडतो.
वस्तुस्थिती : दौऱ्याचा चमू पाच जणांची निवड समिती ठरवते. कर्णधार आणि प्रशिक्षक यांचं म्हणणं ऐकलं जातं, पण त्यांना मत नसतं. मैदानात उतरणारे अकरा जण मात्र तेच ठरवतात. म्हणून चमूत असलेला फलंदाजही बाकावर राहतो. २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यात करुण नायर सुरुवातीपासून चमूत होता; ओव्हल कसोटीत पदार्पण झालं ते मालिका सुरू असताना बोलावलेल्या हनुमा विहारीचं.

गैरसमज : मोठी खेळी केली की जागा पक्की.
वस्तुस्थिती : याच नायरनं डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या. पुढच्याच कसोटीत, हैदराबादला, तो संघाबाहेर होता. दुखापतीतून सावरलेला अजिंक्य रहाणे परतला होता आणि त्याची जागा त्याला परत मिळाली.

गैरसमज : रणजीत धावांचा डोंगर रचला की बोलावणं येतंच.
वस्तुस्थिती : मुंबईच्या अमोल मुझुमदारनं रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं. तरी भारताकडून एकही सामना नाही. त्या काळात मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. धावा कितीही असोत, जागा रिकामी व्हावी लागते.

गैरसमज : एकदा वगळला की कायमचा संपला.
वस्तुस्थिती : २०२४-२५ च्या रणजी मोसमात नायरनं विदर्भासाठी ८६३ धावा केल्या. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ करून त्यानं विजेतेपदाला मोठा हातभार लावला. आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, तो इंग्लंडमध्ये पुन्हा कसोटी खेळला. चार कसोटींत एकच अर्धशतक झालं आणि पुढच्या मालिकेत तो पुन्हा बाहेर गेला.

अकराच जागा असल्यावर कुणावर तरी अन्याय झाल्यासारखं वाटणारच. पण वगळलेल्या खेळाडूला कारण कळलंच पाहिजे. २०१८ मध्ये ‘आपल्याशी कुणी बोललं नाही’ असं नायर म्हणाला. निवड समितीच्या अध्यक्षांनी ‘बोललो होतो’ असं सांगितलं. असा वाद उद्भवू नये, यासाठी वगळण्याचं कारण आणि परतीची वाट दोन्ही त्याला स्पष्ट सांगणं, ही निवड समितीची जबाबदारी आहे.