एक वही, अनेक हात

चार-पांच मुलांनीं मिळून एक प्रकल्प करावयाचा, असें शाळेचें फर्मान निघालें म्हणजे पांचांपैकीं एकच मुलगी रात्रभर जागते, उरलेले चौघे मुखपृष्ठावर आपलीं नांवें सुवाच्य अक्षरांत लिहितात आणि गुण मात्र पांचांसहि सारखेच मिळतात, हा प्रकार आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं घडून गेलेला असेल. या दुखण्यावर ‘विकि’ हें औषध आहे, असें कांहीं शिक्षणतज्ज्ञ सांगतात. औषध खरें; पण पथ्यावांचून तें लागू पडत नाहीं, हें एकदां खुद्द पुण्यांतच दिसून आलें आहे.

विकि म्हणजे संगणकाच्या जाळ्यावरील अशी वही, कीं जिच्यांतील पान वाचणारासच तें तेथल्या तेथें दुरुस्तहि करतां यावें. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९९५ सालीं अशी पहिली वही उघडली. ‘विकि विकि’ म्हणजे हवाई बेटांच्या भाषेंत ‘झटपट’. होनोलुलूच्या विमानतळावरील एका बसगाडीवरून त्यानें हें नांव उचललें. पुढें २००१ सालीं इंग्रजी विकिपीडिया निघाला व २००३ सालीं मराठी. मराठी विकिपीडियावर नवशिक्यानें हात बसविण्याच्या पानास ‘धूळपाटी’ म्हणतात आणि सर्वांनीं जमून बोलण्याच्या पानास ‘चावडी’! हीं नांवें ज्यानें कोणीं योजिलीं, त्याच्या रसिकतेस दाद दिली पाहिजे.

शिक्षणाच्या दृष्टीनें या वहीचा गुण पानावर नसून पानाच्या पाठीमागें आहे. प्रत्येक पानास ‘इतिहास’ जोडलेला असतो. कोणीं, कोणत्या दिवशीं, कोणता शब्द घातला अगर खोडला, याची नोंद त्यांत राहते. तेव्हां जागणारी कोण आणि नांवापुरते कोण, हें शिक्षकांस विचारीत बसावें लागत नाहीं. शेजारींच चर्चेचें पान असतें. पानिपतावर १७६१ सालीं मराठ्यांचें सैन्य किती होतें याचा एकानें एक आंकडा लिहिला व दुसरीनें दुसऱ्या ग्रंथांतील निराळा आंकडा पुढें केला, म्हणजे दोघांसहि आपापला आधार दाखवावा लागतो. आधार विचारला असतां रागावूं नये, ही विद्या आमच्या घरांतून वडीलधाऱ्यांसहि फारशी साधलेली नाहीं.

आतां पुण्याची हकीकत. २०११ सालीं विकिमीडिया या अमेरिकन संस्थेनें तेथील कांहीं महाविद्यालयांत एक उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनीं अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावे, अशी योजना होती. पुष्कळांनीं पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील उतारेच्या उतारे जसेच्या तसे आणून घातले. दुसऱ्याचा मजकूर असा घालणें तेथें नियमबाह्य. तो हुडकून काढतां काढतां जुने स्वयंसेवक संपादक हैराण झाले आणि त्याच वर्षीं उपक्रम थांबवावा लागला.

त्या विद्यार्थ्यांस लबाड ठरविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. पुस्तकांतील उत्तर शब्दशः उतरवून ज्यांनीं लहानपणापासून शाबासकी मिळविली, त्यांस विसाव्या वर्षीं तेंच करणें एकाएकीं गुन्हा कसें वाटावें? शिवाय लेखन परभाषेंत, आणि चुकलें तर साऱ्या जगापुढें. धूळपाटीवर हात बसण्यापूर्वींच त्यांस पाटावर बसवून पंगत वाढावयास सांगितल्यासारखें तें झालें.

म्हणून आरंभ लहान असावा. शाळेनें आपल्यापुरताच विकि उघडावा, लेखन मराठींत असावें, आठवड्यास एक परिच्छेद पुरे. आणि गुण पानाच्या लांबीस न देतां इतिहासांत दिसणाऱ्या दुरुस्त्यांस द्यावे. विषयहि हाताशीं असलेला घ्यावा: गांवचा ओढा, आठवड्याचा बाजार, घरांतले जुने पदार्थ. विकिपीडियावर आजीचें तोंडी सांगणें आधार म्हणून चालत नाहीं. तेथें प्रसिद्ध झालेला ग्रंथ अगर वृत्तपत्र दाखवावें लागतें. शाळेच्या विकींत मात्र नातीनें आजीची सांडग्यांची कृति लिहावी, माहेरीं आलेल्या आत्यानें तींत हिंगाचें प्रमाण बदलावें, आणि दोघींचा वाद चर्चेच्या पानावर खुशाल चालूं द्यावा.