मल्टिपल स्क्लेरोसिस : तो आळस नव्हे

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. पाय लटपटतात, विलक्षण थकवा येतो. घरच्यांना तो आळस वाटतो. तो आळस नव्हे. उष्णतेने त्रास तात्पुरता वाढतो, म्हणून पूर्वी अशा रुग्णांना व्यायाम वर्ज्य मानीत. परंतु १९९६ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या अभ्यासात पंधरा आठवडे नियमित व्यायाम करणाऱ्या रुग्णांची ताकद वाढलेली आढळली. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, गारव्याच्या वेळी, मध्ये विश्रांती घेत व्यायाम करावा. बसून स्वयंपाक करणे, न्हाणीघरात आधाराची दांडी लावणे हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतात. यामुळे आजार समूळ जात नाही, पण रोजची कामे स्वतः करता येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही या आजाराचा समावेश आहे. परिचयात असा रुग्ण असल्यास ही माहिती त्याच्या घरच्यांना अवश्य सांगावी.