कन्व्हेन्शन सेंटरमुळे शहराचा फायदा होतो म्हणजे नेमकं काय होतं?



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, आमच्या शहरात मोठं कन्व्हेन्शन सेंटर होणार म्हणतात. त्याने शहराचा फायदा होईल का?" आता मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, अर्थशास्त्राचा नव्हे. पण या प्रश्नातला 'त्याने' हा शब्द माझ्या विषयातला आहे. 'त्याने' म्हणजे 'त्या कारणाने'. आणि कारण कशाला म्हणायचं, यावर आपल्या नैयायिकांनी शेकडो वर्षं डोकं खपवलंय. म्हणून आज हा विषय घेतला.

नैयायिक दोन कसोट्या सांगतात. एक अन्वय: कारण असलं की कार्य होतं. दुसरी व्यतिरेक: कारण नसलं की कार्य होत नाही. दोन्ही जुळल्या, तरच कारण म्हणायचं. एकच जुळली तर काय? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढंच. कन्व्हेन्शन सेंटरचे बहुतेक प्रकल्प अहवाल बघा. त्यांत अन्वय भरपूर असतो. इतकी माणसं आली, इतक्या खोल्या भरल्या, इतका पैसा खर्च झाला. व्यतिरेकाचं पान मात्र कोरं. सेंटर नसतं तर यातलं काय झालं नसतं, हे कोणी लिहीत नाही.

उदाहरण आपल्याच माणसांचं घेऊ. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४चं अधिवेशन कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झालं. समजा न्यू जर्सीहून चौघांचं एक कुटुंब आलं. चार दिवस हॉटेलात राहिलं, बाहेर जेवलं, टॅक्सीने फिरलं. अधिवेशन नसतं तर हे कुटुंब त्या आठवड्यात सॅन होजेला आलंच नसतं. हा शहरासाठी नवा पैसा. पण समजा दुसरं कुटुंब शेजारच्या फ्रीमाँटचं. ते नाटक बघून रात्री घरी झोपायला गेलं. तिथे जे जेवले, ते एरवी त्या शनिवारी जवळच्याच कुठल्यातरी हॉटेलात जेवले असते. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, एवढंच. गर्दीत दोघंही मोजले जातात. फायद्यात मात्र पहिलंच कुटुंब मोजायला हवं.

एक साधा हिशेब करू. आकडे मी मनाचे घेतो, फक्त रीत कळावी म्हणून. एका अधिवेशनाला १००० माणसं, ३ दिवस, माणशी रोज ५००० रुपये खर्च. झाले दीड कोटी. वर्तमानपत्रात मथळा येतो तो या आकड्याचा. आता यातली ४०० माणसं गावचीच होती, ती वजा करा. राहिले ९० लाख. १०० जण दुसऱ्या कामाने त्या दिवसांत येणारच होते, तेही वजा करा. राहिले ७५ लाख. त्यातला निम्मा पैसा बाहेरच्या हॉटेल कंपनीकडे, बाहेरच्या इव्हेंटवाल्याकडे, बाहेरून मागवलेल्या मालाकडे गेला, असं धरा. गावात राहिले साडेसदतीस लाख. दीड कोटीचे साडेसदतीस लाख! तरी यात इमारतीच्या कर्जाचा हप्ता अजून धरलेलाच नाही.

म्हणजे ही सेंटरं निरुपयोगी असतात का? नाही, तसं मी म्हणत नाही. शिकागोचं बघा. तिथलं मॅककॉर्मिक प्लेस हे उत्तर अमेरिकेतलं सर्वांत मोठं कन्व्हेन्शन सेंटर, प्रदर्शनाची जागा सुमारे २६ लाख चौरस फूट. तिथे फेब्रुवारीत दंतवैद्यांचं मोठं संमेलन भरतं आणि नोव्हेंबरअखेरीस रेडिओलॉजीच्या डॉक्टरांचं. फेब्रुवारीत शिकागोला हौसेने कोण जाणार? हाडं गोठवणारी थंडी असते. हॉटेलच्या खोल्या रिकाम्या पडल्या असत्या, वेटरला, सफाई करणाऱ्या बाईला, टॅक्सीवाल्याला काम कमी मिळालं असतं. इथे व्यतिरेक खरा ठरतो. रिकाम्या हंगामात बाहेरचा माणूस आणणं, हा कन्व्हेन्शन सेंटरचा सर्वांत भक्कम फायदा.

याच शिकागोत व्यतिरेकाचा एक प्रयोग आपोआप घडला होता. मॅककॉर्मिक प्लेस १९६० साली उघडलं आणि जानेवारी १९६७मध्ये आगीत जळालं. नवी इमारत १९७१ साली उभी राहिली. मधली चार वर्षं सेंटर नव्हतं. मग शिकागोतली प्रदर्शनं बंद पडली का? नाही. इंटरनॅशनल अँफिथिएटर नावाच्या जुन्या वास्तूने बराच भार उचलला. डेमोक्रॅटिक पक्षाचं १९६८चं गाजलेलं अधिवेशन तिथेच झालं. म्हणजे माणसं शिकागोला यायची ती केवळ त्या इमारतीसाठी नव्हे. शहर देशाच्या मध्यावर होतं, रेल्वे होती, विमानतळ होता, उद्योग होते. सेंटरने त्या ताकदीला जागा दिली. ताकद सेंटरने निर्माण केली नाही.

आता दुसरी बाजू. हेवूड सँडर्स हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत प्राध्यापक होते. त्यांनी २००५ साली ब्रुकिंग्ज संस्थेसाठी एक अहवाल लिहिला. १९९० नंतर अमेरिकेत प्रदर्शनाची जागा ५० टक्क्यांहून जास्त वाढली, सार्वजनिक खर्च वर्षाला २.४ अब्ज डॉलरवर गेला, पण येणारी माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत, हे त्यांनी दाखवलं. मग काय होतं? शहरं एकमेकांची गिऱ्हाइकं ओढतात. भाड्यात सूट देतात. प्लॅस्टिक उद्योगाचं मोठं प्रदर्शन वर्षानुवर्षं शिकागोत भरायचं. प्रदर्शकांची तक्रार होती की स्टॉल उभारायचा, वीजजोडणीचा खर्च फार येतो आणि कामगारांचे नियम जाचक आहेत. शेवटी २०१२पासून ते प्रदर्शन ऑर्लँडोला गेलं. त्याआधी २०१० साली इलिनॉय राज्याने घाईने कायदा करून नियम सैल केले, तरी गेलं ते गेलंच. इमारत हलत नाही, गिऱ्हाईक हलतं. कर्ज मात्र इमारतीबरोबर तिथेच राहतं.

आणि खर्च एका इमारतीवर थांबत नाही. आधी सभागृह, मग आणखी मोठं सभागृह. मॅककॉर्मिक प्लेसचा कारभार बघणाऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाने पुढे शेजारी स्वतःची हॉटेलं बांधली, २०१७ साली क्रीडागृहही उभं केलं. पैसा कुठून येतो? हॉटेलच्या खोल्यांवर कर, भाड्याच्या मोटारींवर ६ टक्के, शहराच्या मध्यभागात बाहेर जेवलात तर १ टक्का. "कर पाहुणे भरतात," असं सांगतात. पण मध्यभागात नोकरी करून दुपारी बाहेर जेवणारा कारकूनही तो एक टक्का भरतोच की! त्याला कोणी विचारलं होतं?

मंडळी, इथे प्रश्न अर्थशास्त्राचा राहत नाही, न्यायाचा होतो. फायदा हॉटेलमालकाला आणि ज्याची जमीन शेजारी आहे त्याला आधी मिळतो, मोठा मिळतो. स्टॉल उभारणाऱ्याला, वाढप्याला कामाचे काही दिवस मिळतात. कर्ज मात्र सगळे फेडतात, आज जन्मलेलं मूलसुद्धा. म्हणून 'शहराचा फायदा' असं एकवचनात म्हणणं मला पटत नाही. शहर म्हणजे कोण, हे आधी सांगा.

त्या तरुण श्रोत्याला माझं उत्तर असं. तुमच्या शहरात जनसुनावणी झाली तर जरूर जा आणि चार प्रश्न विचारा. येणाऱ्यांतले बाहेरगावचे किती, आणि सेंटर नसतं तर न येणारे किती? त्यांचा पैसा गावात किती थांबेल? अंदाज चुकला तर तोटा कोण भरणार? आणि अधिवेशन नसेल त्या दिवशी या जागेचं काय करणार?

हा चौथा प्रश्न सुचला तोही शिकागोवरूनच. विवेकानंद १८९३ साली जिथे बोलले, ती धर्मपरिषद ज्या इमारतीत भरली, ती जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने उभी राहिली होती. पण प्रदर्शन संपल्यावर तिथे कलासंग्रहालय यायचं, हे आधीच ठरलं होतं आणि खर्चातही संग्रहालयाचा वाटा होता. आज ते शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आहे. पाहुणे गेल्यावर घराचा उपयोग काय, याचा विचार त्यांनी पाया खणण्याआधी केला होता. आपणही तेवढा करावा.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.