डेमोतले फोटो तुमचे नसतात

लेखमाला : डिझायनरचा स्वतःचा पत्ता – लेखांक ५

कामं निवडून झाली, त्यांच्या फाइली एका फोल्डरात आल्या, इथवर आपण गेल्या आठवड्यात पोचलो होतो. आता पोर्टफोलिओच्या साइटसाठी टेम्प्लेट निवडायचं. या टप्प्यावर डिझायनर मंडळी जरा विचित्रच वागतात. क्लायंटने दाखवलेल्या नमुन्यात डिझाइन किती आणि फोटोची करामत किती, हे ज्यांना एका नजरेत कळतं, तीच माणसं टेम्प्लेटच्या डेमोला भुलतात. पांढऱ्या भिंतीपुढे एकच खुर्ची, काँक्रीटच्या जिन्यावर तिरपं ऊन, खाली बारीक अक्षरात कुणाचं तरी नाव. सुंदर दिसतं, यात वाद नाही. पण बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग मुद्दाम आखूड केलेला असतो आणि खोल्यांना दारं लावलेली नसतात, तसाच हा मामला आहे. ती खुर्ची तुमच्या घरी येणार नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की डेमोतले फोटो काढा आणि त्या जागी स्वतःचं सर्वांत अडचणीचं काम घालून बघा. सर्वांत देखणं नव्हे. देखणं काम कुठेही निभावून जातं.

समजा, तुम्ही पुस्तकांची मुखपृष्ठं करता. मराठीत डेमी आकाराची पुस्तकं भरपूर निघतात, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. म्हणजे उभा आयत. टेम्प्लेटच्या बाजारात मात्र चौकोनी खणांच्या जाळीचा सुळसुळाट आहे. अशी जाळी चित्राचा मधला भाग ठेवते आणि बाकीचा छाटते. डेमी मुखपृष्ठ चौकोनात बसवायचं तर वरचा दीड इंच आणि खालचा दीड इंच जातो. वर पुस्तकाचं नाव असतं, खाली लेखकाचं. उरतं ते मधलं चित्र, आणि पाहणाऱ्याला वाटतं तुम्ही चित्रकार आहात. मुखपृष्ठावर अक्षरं आणि चित्र यांचं जे नातं जुळवायला तुम्ही आठवडा घालवलात, तेच नेमकं कापलं गेलेलं असतं. पानभर पसरणाऱ्या आडव्या चित्राचं टेम्प्लेट घेतलंत तर आणखी वाईट. सोळास नऊच्या त्या पट्टीत साडेआठ इंचांपैकी जेमतेम तीन इंच दिसतात.

काही टेम्प्लेटांच्या सेटिंगमध्ये चित्र मूळ प्रमाणात दाखवण्याचा पर्याय असतो. डेमो आवडला की आधी तो शोधा. नसेल तर ज्यात उभी-आडवी चित्रं आपापल्या उंचीने एकमेकांत बसतात अशी मांडणी घ्या. तिला ‘मेसनरी’ म्हणतात. बोधचिन्हं करणाऱ्याला मात्र तीच चौकोनी जाळी शोभून दिसते, कारण त्याचं काम मुळात चौकोनात मावतं. ॲपचे स्क्रीन करणाऱ्याला जाळीचा फारसा उपयोग नाही. त्याला एकेका कामामागची गोष्ट सांगायची असते, म्हणून मजकूर, स्क्रीन, पुन्हा मजकूर असं लांब पान लागतं. त्याने टेम्प्लेटचं पहिलं पान न बघता आतलं पान उघडून निवड करावी.

तयार टेम्प्लेट घ्यायची लाज वाटणारे बरेच भेटतात. डिझायनर असून दुसऱ्याचा साचा वापरायचा? मला ही लाज कळत नाही. १९६१ साली रोमेक मार्बर यांनी पेंग्विनच्या रहस्यकथांसाठी एक मांडणी आखली. वरच्या एक-तृतीयांश हिश्शात आडव्या रेघांमध्ये चिन्ह, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. खालचे दोन हिस्से चित्राला मोकळे. पुढे ही मांडणी पेंग्विनच्या इतर मालिकांतही गेली, वेगवेगळ्या डिझायनरांनी तीत चित्रं भरली, आणि ती मुखपृष्ठं आजही लोक जमवतात. संगणकावरचं उदाहरण हवं असेल तर ‘इंडेक्सिबिट’ घ्या. डॅनियल ईटॉक आणि जेफरी व्हास्का यांनी २००६ मध्ये काढलेली ही प्रणाली. डावीकडे कामांची यादी, उजवीकडे काम, बस्स. पाश्चात्त्य डिझायनर आणि चित्रकारांच्या कितीतरी साइट त्या काळात एकाच वळणाच्या दिसत. ते वळण इतकं साधं होतं की थोड्या वेळाने ते दिसेनासं व्हायचं आणि काम तेवढं उरायचं. टेम्प्लेटकडून मला तरी याहून जास्त काही नको असतं.

आता फोन. तुमचा दुवा प्रकाशकाला व्हॉट्सॲपवर जाणार आणि तो तिथल्या तिथे बोटानेच उघडणार, हे गृहीत धरून चाला. कित्येक पोर्टफोलिओ टेम्प्लेटांत चित्रावर माउस नेला की कामाचं नाव उमटतं. संगणकावर ते फार रुबाबदार वाटतं. फोनला माउस नाही. तिथे एक तर नाव दिसतच नाही, नाही तर पहिल्या स्पर्शाला नाव आणि दुसऱ्या स्पर्शाला पान असा घोळ होतो. म्हणून डेमो संगणकावर पाहू नका. दुवा स्वतःला पाठवा आणि फोनवर उघडा. पाठवताना आणखी एक गोष्ट दिसेल. व्हॉट्सॲपमध्ये दुव्यासोबत छोटं चित्र आणि शीर्षक येतं, ते कोणतं यावं हे तुम्हाला ठरवता येतं का? काही सेवांमध्ये त्यासाठी सेटिंग असतं. वर्डप्रेसमध्ये बहुधा वेगळं प्लगिन टाकावं लागतं. समोरचा माणूस दुवा उघडेल की नाही, हे पुष्कळदा त्या छोट्या चित्रावर ठरतं.

वजनाचं थोडक्यात सांगतो. पान उघडताना त्यातला सर्वांत मोठा घटक, तुमच्या बाबतीत अर्थातच चित्र, अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची कसोटी आहे. तीनशे डीपीआयला स्कॅन केलेलं पोस्टर तसंच चढवलंत तर कोणतंही टेम्प्लेट तुम्हाला वाचवणार नाही. पण टेम्प्लेटही निष्पाप नसतं. पान उघडण्याआधी शून्यापासून शंभरापर्यंत टक्के मोजत बसणारा पडदा दिसला, की मी ते टेम्प्लेट तिथेच बंद करतो. काम बघायला आलेल्या माणसाला दाराबाहेर ताटकळत ठेवण्याची ही हौस कुणाची, ते मला अजून उमगलेलं नाही.

ज्यांच्या साइटवर मराठी मजकूर असणार आहे त्यांनी इथे जरा जास्त थांबावं. बहुतेक टेम्प्लेटं रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात, आणि ती देवनागरीशी तीन ठिकाणी भांडतात.

पहिलं भांडण अक्षरांमधल्या अंतराचं. रोमन कॅपिटल अक्षरं लांब-लांब पेरलेली शीर्षकं गेली काही वर्षं फॅशनमध्ये आहेत. तेच अंतर देवनागरीला लागलं की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द पडक्या कुंपणासारखा दिसतो. हे अंतर शून्यावर आणता येतं का, ते पाहा. दुसरं भांडण ओळींमधल्या अंतराचं. मोठ्या शीर्षकात ओळी चिकटवून बसवायची पद्धत आहे, पण आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खाली येतो आणि खालच्या ओळीची वेलांटी, रफार वर जातात. दोन्ही एकमेकांत घुसतात. डेमोत ‘हेलो, आय ॲम अ डिझायनर’ या जागी ‘मुखपृष्ठकार, पूर्णवेळ’ असं दोन ओळींत लिहून बघितलं तर लगेच कळेल. तिसरं, आणि सर्वांत फसवं, फॉन्टचं. टेम्प्लेटच्या ज्या डौलदार फॉन्टवर तुम्ही भाळलात त्यात देवनागरी नसेल तर ब्राउझर मुकाट्याने यंत्रातला कोणता तरी देवनागरी फॉन्ट लावतो. विंडोजवर तो बऱ्याचदा ‘निर्मला’ किंवा ‘मंगल’ असतो, फोनवर आणखी निराळा. म्हणजे तुमच्या साइटचा निम्मा चेहरा दुसऱ्याच कुणीतरी ठरवला. ज्यात देवनागरी फॉन्ट स्वतः निवडून बसवता येतो तेच टेम्प्लेट घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि त्यांत रोमन व देवनागरी दोन्ही आहे. पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवता आली तर आणखी बरं. काही फॉन्ट ती नोंद वाचून हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात. अक्षररचना हाच ज्यांचा धंदा आहे त्यांच्या साइटवर हिंदी वळणाचा ल दिसला, तर जाणकार गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, पण लक्षात ठेवतं.

इथवर टेम्प्लेटमध्ये शिरायचं कसं ते पाहिलं. बाहेर पडायचं कसं, हे निवडतानाच विचारावं. विक्सवर एकदा घेतलेल्या टेम्प्लेटवर नंतर दुसरं चढवता येत नाही, नवी साइटच उभारावी लागते. स्क्वेअरस्पेसच्या ७.१ आवृत्तीतही टेम्प्लेट बदलत नाही; पण तिथे सगळ्यांचा पाया एकच असल्याने हाताने मांडणी फिरवता येते, त्यामुळे फारसं बिघडत नाही. अडोबीचं सॉफ्टवेअर वर्गणीवर घेतलेल्यांना ‘अडोबी पोर्टफोलिओ’ त्याच वर्गणीत मिळतो, बिहान्सवरची कामं त्यात सरळ ओढता येतात. टेम्प्लेटं मोजकी आहेत, पण पहिल्या पोर्टफोलिओला पुरतात. वर्गणी थांबली की साइटही जाते, एवढं लक्षात असू द्या.

वर्डप्रेसमध्ये थीम, म्हणजे तिथलं टेम्प्लेट, हवी तेव्हा बदलता येते, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण विकतच्या थीमला ते पूर्णपणे लागू नाही. अनेक विकतच्या थीम स्वतःसोबत पान रचायचं वेगळं अवजार आणतात. ‘डब्ल्यूपीबेकरी’ हे त्यांतलं बहुधा सर्वांत पसरलेलं. ते काढलं की तुमच्या मजकुरात जागोजागी चौकटी कंसांतल्या सांकेतिक शब्दांचा कचरा उरतो आणि प्रत्येक पान हाताने निपटावं लागतं. सोबत आलेल्या सामानाचा दुसरा धोका २०१४ मध्ये दिसला. ‘स्लायडर रिव्होल्युशन’ या प्लगिनमध्ये सुरक्षेचं भगदाड निघालं. ते कित्येक थीमच्या पोटात बांधून आलेलं असल्यामुळे आपल्याकडे ते आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. वर्षाच्या शेवटी त्याच वाटेने हजारो साइटमध्ये मालवेअर शिरलं. पहिल्या पानावर सरकती चित्रं हवीत म्हणून एवढा लवाजमा घरात घ्यायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी घेणार नाही. वर्डप्रेससोबत येणाऱ्या, वर्षांची नावं असलेल्या मोफत थीम साध्या आहेत, पण ‘ट्वेंटी ट्वेंटी-टू’पासून पुढच्या थीममध्ये मथळ्यापासून तळापर्यंत सगळं ब्लॉकच्या आधारे बदलता येतं, आणि डिझायनरला तेवढी जागा पुष्कळ झाली.

टेम्प्लेट चढवून झालं की डेमोसोबत आलेली पानं पुसायला विसरू नका. मेनूतून काढलेलं पान पुसलं जात नाही. ते तसंच राहतं आणि गूगलला सापडू शकतं. कुणी तुमचं नाव शोधलं तर ‘लोरेम इप्सम’ने भरलेलं ‘आमची टीम’ हे पान वर यायचं, आणि त्यात तुम्ही कधी न भेटलेली चार हसरी माणसं तुमचे भागीदार म्हणून उभी असायची. तळाशी टेम्प्लेट बनवणाऱ्याची ओळ असते. ती काढायची परवानगी आहे का ते परवान्यात वाचा आणि असेल तरच काढा.

पुढच्या आठवड्यात : कामाखाली किती लिहायचं, आणि ‘माझ्याविषयी’ या पानाचं काय करायचं.