अडीनडीचा जिताडा

२०२० साली रायगडातल्या रेवस बंदराला लागोपाठ तीन दणके बसले. मार्चअखेरीस टाळेबंदी आली, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँच थांबल्या, तिथले मासळीबाजार ओस पडले. मग नेहमीची पावसाळी मासेमारीबंदी तोंडावर आली. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले. एवढ्यानंतरही चुली पेटत्या राहिल्या त्या कशाच्या जोरावर, हे बघायला बंदरावरून मागे वळून खारेपाटात, घरामागच्या तळ्याशी जावं लागतं.

आधी बोटीचा हिशेब. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल, कर्जाचा हप्ता. बोट धक्क्याला बांधून ठेवली तरी व्याज काही बांधून ठेवता येत नाही. आणि आणलेली मासळी तर त्याहून अधीर. पापलेट बाजार सुधारेपर्यंत थांबत नाही. येईल त्या भावाला द्यायचं, नाहीतर बर्फात पैसे घालत बसायचं. मंदी सगळ्यांनाच लागते, पण ज्याचा माल थांबू शकत नाही त्याला ती आधी लागते.

तळ्यातला जिताडा थांबतो. नुसता थांबत नाही, वजनही धरतो.

खारेपाट म्हणजे धरमतर खाडीच्या काठची, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली शेती. भरतीचं पाणी बांधाने अडवायचं, पावसाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, सोडायचं, आणि वर्षाला भाताचं एक पीक घ्यायचं. बांधाला खांड गेली की खारं पाणी आत शिरतं, मग जमीन पुन्हा वळणावर यायला काही पावसाळे जातात. नुसत्या भातावर विसंबणं इथे कुणाला परवडलंच नाही. म्हणून पावसाळ्यात खाडीकडून येणारी जिताड्याची पिल्लं धरायची आणि तळ्यात सोडायची. खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत हा मासा जगतो. लहान मासे, कोलंबी मटकावत दोन-तीन वर्षांत चांगला थोराड होतो. मग लग्न, दवाखाना, कॉलेजची फी, जशी नड तसा एकेक काढायचा. अडलेली सरकारी कामंही जिताड्याने सुटतात, असं रायगडात गमतीने म्हणतात. त्यात गंमत किती, हे ज्याचं त्याला ठाऊक.

हाच मासा ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून मिरवतो. तिथल्या गुरं पाळणाऱ्यांचं गणितही असंच: कुरणात गवत आहे तोवर कळप राखायचा, भाव आल्यावर विकायचा. दुष्काळ पडला की सगळे एकदम विकायला काढतात आणि भाव कोसळतो. आपल्या तळ्याचा दुष्काळ म्हणजे मे महिना. पाणी तळाला गेलं की भाव बघायची सोय उरत नाही.

आणि ज्याला जमीनच नाही त्याला तळं कुठलं? रेवस-बोडणीच्या कोळणीचं तळं म्हणजे वलांडी, मासळी सुकत टांगायची काठ्यांची मांडणी. ताज्याला गिऱ्हाईक नसेल तर बोंबील टांगायचे, जवळा उन्हात पसरायचा. सुकी मासळी महिनोन्‌महिने टिकते आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत, तिला मागणी असतेच. मात्र हा आधार जिताड्याइतका खात्रीचा नाही. अवकाळी पावसाची एक सर पडली की आठवड्याची मेहनत खताच्या भावाने जाते.

आता रेवस-करंजा पुलाचं काम सुरू आहे. माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ज्याची नुसती चर्चा होती, तो पूल होणार म्हटल्यावर जमिनीचे भाव गुंठ्याने विचारले जाऊ लागले. प्लॉट पाडायचे तर भराव हवा, आणि भराव पडतो तो आधी खोलगट जागी, म्हणजे तळ्यात. सातबाऱ्यावर तळ्याची नोंद असतेच असं नाही. सौदा ठरवताना त्यातला मासा कुणी मोजत नाही.